मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणू नका

मॉरिशसची सहल करून आलेल्या माणसाकडून तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. समुद्र काय निळा आहे हो! तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, माहीत आहे का? आणि तिसरं, जरा भरल्या आवाजात: अगदी छोटा भारतच आहे तो.

हे तिसरं वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. सहलीच्या पत्रकांत ते असतं, पुढाऱ्यांच्या भाषणांत असतं, रविवारच्या पुरवण्यांत तर लेखाच्या पहिल्याच ओळीत असतं. माझं म्हणणं असं की ते आता बंद करावं. कुणाचा अपमान करायचा त्यात हेतू नसतो, हे कबूल. पण त्या दोन शब्दांखाली एका देशाची पहिली दोनशे वर्षं गडप होतात, आणि ती वर्षं ज्यांची, त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आजही तिथेच राहतात.

‘छोटा भारत’वाला इतिहास सुरू होतो २ नोव्हेंबर १८३४ ला. त्या दिवशी कलकत्त्याहून आलेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर राजधानी पोर्ट लुईला उतरले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून या बेटावर आली. आज लोकसंख्येत भारतीय वंशाचे सुमारे दोन तृतीयांश आहेत. तेव्हा आपल्याला वाटतं, बेट ओसाड होतं, आपली माणसं गेली, घाम गाळला, नंदनवन फुलवलं.

यातला ‘ओसाड’ हा शब्द तसा खरा आहे, पण तो १८३४ ला नाही, १५९८ ला लागू पडतो. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले, पण घर कुणी बांधलं नव्हतं. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं आणि १६३८ मध्ये वस्ती केली. त्यांना हवा होता आबनूस, तो त्यांनी तोडून नेला. जावाहून ऊस आणला, हरणं आणली. डोडो संपला तो याच काळात. शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला या बेटाची तेवढी एकच गोष्ट माहीत असते, म्हणून ती इथे सोडून देतो.

थोडक्यात, मॉरिशसला भूमिपुत्र नाहीत. हा शब्द आपल्या राजकारणात किती वापरला जातो, हे सांगायला नको. तिथे तो वापरायची सोयच नाही. तिथला प्रत्येक जण कधी ना कधी जहाजातून उतरलेला. कुणी डेकवर उभा राहून आला, कुणी तळाशी साखळीला बांधलेला.

तळाशी बांधलेल्यांची नोंद डचांपासूनच सापडते. १६४० च्या दशकात गव्हर्नर आद्रियान व्हान डर स्टेल याने मादागास्करहून शंभराच्या आसपास गुलाम आणले. त्यांतले निम्मे पहिल्या काही दिवसांतच जंगलात पळाले. थोडे सापडले, बाकीचे हाती लागलेच नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमाबाहेर, आपल्या हिमतीवर या बेटावर राहून दाखवणारी अगदी पहिली माणसं शोधायची तर ती या पळालेल्यांत शोधावी लागतात. पुढे १६९५ मध्ये काही गुलामांनी डचांच्या किल्ल्यालाच आग लावली. त्यांना पकडून भयंकर शिक्षा झाली. त्यांच्या नावांमध्ये एक आहे ‘बंगालची आना’ आणि एक ‘मलबारचा अंतोनी’. आपल्याला मॉरिशसमधले ‘पहिले भारतीय’ शोधायची एवढी हौस आहे ना, तर हे घ्या. करारावरचे मजूर यायच्या जवळजवळ १४० वर्षं आधी, मालकाच्या किल्ल्याला काडी लावणारे. पण यांची जयंती कोण करणार?

डच १७१० मध्ये कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं, त्याला ‘ईल द फ्रान्स’ म्हणू लागले, आणि १७२१ पासून राहायला आले. १७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने गव्हर्नर झाला. बंदर, रस्ते, रुग्णालय, गोद्या हे सगळं त्याने ‘बांधलं’, असं पुस्तकं सांगतात. त्याचा पुतळा पोर्ट लुईत बंदराकडे तोंड करून उभा आहे. दगड वाहिले मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेल्या गुलामांनी. घडवायला पाँडिचेरीकडून तमिळ गवंडी आणि सुतार आणले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर दहा माणसांतले आठ गुलाम होते. दहातले आठ! एवढी मोठी बहुसंख्या तिथे आपल्या लोकांचीही आजवर झालेली नाही.

या आठांसाठी १७२३ चा एक कायदा होता. पहिल्यांदा पळून गेला आणि महिनाभर सापडला नाही, तर दोन्ही कान कापायचे आणि खांद्यावर तापल्या लोखंडाने फ्रान्सच्या राजाचं कमळासारखं फूल डागायचं. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर कापायची आणि दुसऱ्या खांद्यावर डाग द्यायचा. तिसऱ्यांदा देहदंड. हे कलमवार लिहून ठेवलेलं आहे. तरीही लोक पळत राहिले. नैर्ऋत्येच्या टोकाला समुद्रात घुसलेला ल मॉर्न नावाचा साडेपाचशे मीटरांचा कडा आहे, त्याच्या कपारींत ते लपून राहत. गुलामगिरी संपल्याची खबर द्यायला शिपाई वर चढले, तेव्हा ते धरायलाच आले असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे सांगतात. इतिहासाच्या कागदांत ती बसो न बसो, लोकांनी ती जपून ठेवली आहे. आपल्या सहलींच्या फोटोंत हाच कडा मागे असतो, पुढे निळं पाणी आणि नवं जोडपं.

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकलं. तहात फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची भाषा, कायदे, धर्म आणि मालमत्ता राखू देण्याचं वचन दिलं. मालमत्तेत माणसंही आली. इंग्रजांच्या सैन्यात हिंदी शिपाई होते, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदीही तिथे रस्ते बांधायला पाठवले गेले. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये मॉरिशसला उतरला तेव्हा त्याने हे हिंदी कैदी काम करताना पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं कौतुकही लिहून ठेवलं. मुंबई इलाख्याचा बेटाशी संबंध असा बेड्यांपासून सुरू होतो. तोही आपण सांगत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जी आपल्याला ऐकायला जड जाते.

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसं ‘मुक्त’ झाली. भरपाई मिळाली ती मालकांना. साम्राज्यभरच्या गुलाम-मालकांसाठी ठेवलेल्या २ कोटी पौंडांतले २० लाखांहून अधिक एकट्या मॉरिशसच्या मळेवाल्यांना गेले. ज्यांचे कान कापले, त्यांना दमडी नाही, बिघाभर जमीन नाही. उलट ‘शिकाऊ उमेदवार’ असं गोंडस नाव देऊन त्यांना आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे बांधून ठेवलं. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाने ऊस तोडायला शिकण्यासाठी उमेदवारी करायची!

१८३९ मध्ये ही उमेदवारी संपली तेव्हा ते मळे सोडून निघाले. राहायचंच असेल तर चांगली मजुरी द्या, असं म्हणायची ताकद आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात आली होती. मजूर कमी, ऊस जास्त. बाजाराचा साधा नियम त्यांच्या बाजूने होता. पण मळेवाल्यांनी ती वेळ येऊच दिली नाही. शिकाऊ अजून बांधलेले असतानाच, पहिल्या चारेक वर्षांत त्यांनी भारतातून वीस हजारांहून अधिक मजूर आणले होते. मधे कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ओरड झाल्यामुळे भरती थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा १८४३ या एका वर्षात तीस हजारांवर माणसं उतरवली. महिन्याला ५ रुपये, वर तांदूळ-डाळ-मीठ. इंग्रज सरकार याला ‘महान प्रयोग’ म्हणत होतं. गुलामांशिवाय साखर स्वस्त पिकवता येते का, हा तो प्रयोग.

म्हणजे सुटलेल्या गुलामांची मजुरी पाडण्यासाठी आपली माणसं आणली गेली. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. दोष त्यांचा नाहीच. पण पणजोबांना दोष नाही म्हणून घडलेलं आपण सांगायचंच नाही, हा कुठला न्याय? गुलामांचे वंशज किनाऱ्याकडे, मासेमारीकडे, शहराच्या कडेच्या वस्त्यांकडे ढकलले गेले, आणि आज त्यांच्या वस्त्या पाहून ‘हे लोक जरा आळशीच’ असं आपलाच पर्यटक बसच्या खिडकीतून म्हणतो. माझ्या मागच्या सीटवरून म्हटलेलं आहे, म्हणून लिहितो.

यावर उत्तर ठरलेलं असतं: गिरमिटियांनी, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनी, काय कमी भोगलं? नाही, कमी भोगलं नाही. हे मजूर जिथे उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट मी पाहिला आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, बस्स. आपल्याकडे एखाद्या गावच्या नदीघाटाला याहून जास्त असतात. दगड तसाच, सह्याद्रीसारखा, लाव्हाचा. पायरीवर हात ठेवला तर रत्नागिरीकडच्या एखाद्या जोत्यावर ठेवल्यासारखा वाटतो, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ होते, हे आठवून पोटात तुटतं. जागतिक वारसा म्हणून २००६ मध्ये त्या पायऱ्यांची नोंद झाली, ते योग्यच झालं. पाच वर्षांचा करार, आणि ‘दुहेरी काट’: एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडलात तरी. बीड-नगरच्या ऊसतोड जोडप्यांना खाडा म्हणजे काय आणि त्याचा दंड कसा वळता होतो, हे समजावून सांगावं लागणार नाही. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. नसला की भटक्या म्हणून तुरुंग. आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक मजुरांनी अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशीसाठी आयोग नेमला गेला.

तरीही फरक आहे, आणि तो कागदाचा आहे. घाटावर उतरलेल्या प्रत्येकाची नोंद झाली. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, परगणा; पुढे फोटोही. ती नोंदपुस्तकं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत. आपला माणूस आज तिथे जाऊन पणजोबाचं गाव विचारू शकतो, आणि भारतात येऊन त्या गावच्या देवळात नारळ फोडू शकतो. इंग्रजाने हे प्रेमापोटी केलं नाही. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून केलं. पण उपयोग झाला. गुलामाच्या नोंदीत मात्र मालकाने ठेवलेलं नाव आणि ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाशी’ असा एक शिक्का, एवढंच. मोझांबिक हे तर त्याला जहाजात चढवलं त्या किनाऱ्याचं नाव. त्याचं गाव आत कुठेतरी दूर. आडनावं सुटकेच्या वेळी मिळाली, तीही बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या लहरीवर. अशा माणसाने पणजोबाचं गाव कुणाला विचारायचं?

२०२४ च्या मार्चमध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमध्ये जाहीर केलं की भारतीय वंशाच्या तिथल्या सातव्या पिढीलाही ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड मिळू शकेल. चांगलं आहे. त्याच गल्लीतल्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, शेजाऱ्याला असं कार्ड देणारा देश जगाच्या नकाशावर नाही.

जमिनीचंही तेच. १८७० नंतर साखरेचे भाव पडू लागले तसे मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पै-पै साठवलेल्या भारतीय कुटुंबांनी त्या घेतल्या. त्यातून शेतकरी झाला, शेतकऱ्याचा मुलगा शिकला, मतदार झाला, मंत्री झाला. कष्टाने वर आलो, हे खरंच आहे. पण सुटलेल्या गुलामाला १८३५ मध्ये एक तुकडा दिला असता, तर त्याच्याही कष्टांना टेकायला जागा मिळाली असती.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. त्याच्या घटनेत चार समाज धरले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि चौथा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. जो पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथा. मळ्याचा गोरा मालकही त्याच रकान्यात आणि त्याच्या आजोबांच्या गुलामाचा नातूही त्याच रकान्यात. बेटावर ज्यांची वस्ती सगळ्यांत जुनी, ज्यांनी एकेकाळी दहातल्या आठ जागा भरल्या होत्या, त्यांना स्वतःच्या देशाच्या घटनेत नाव नाही. ते ‘उरलेले’ आहेत. आजवर तिथे एकही क्रिओल पंतप्रधान झालेला नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश काही दिवस पेटला, तेव्हा ‘एकोप्याचं नंदनवन’ म्हणणाऱ्यांना जरा जाग आली. मग २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला, गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्हींचा एकत्र हिशेब मांडायला. २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातली जमिनीबद्दलची दुखणी अजून तशीच आहेत.

आणि मॉरिशसच्या अखत्यारीतली चागोस बेटं. स्वातंत्र्य देण्याआधी इंग्रजांनी १९६५ मध्ये ही बेटं ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडली आणि त्यांतलं दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळाला दिलं. तिथल्या नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं मुख्यतः गुलामांचीच वंशज. १९६८ ते १९७३ च्या दरम्यान दीड-दोन हजार जणांना जहाजांत घालून हलवलं. त्यांची कुत्री आधी मारून टाकली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना उतरवलं. त्यांच्या पुनर्वसनासाठी इंग्लंडने दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारकडे पडून होते. ते वाटायला १९७८ उजाडलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, तेव्हा आपल्याकडे वसाहतवादाच्या पराभवाच्या बातम्या आल्या. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. आम्हाला कुणी विचारलंच नाही, ही तक्रार अनेक चागोसी त्याआधीही करत होते, नंतरही करत राहिले. बेट कोणत्या सरकारचं, एवढाच वाद चालू होता.

मग आपल्या माणसांशी नातं सांगायचंच नाही का? जरूर सांगावं. तिथले मराठी गणपती बसवतात, आपल्या जाखडीचीच बहीण असलेली झाकरी नाचतात, शाळेत मराठी शिकतात. त्यांच्या पणजोबांनी जहाजातून नेलेलं हे सामान त्यांनी टिकवलं, याचं कौतुक वाटतं. पण हीच मंडळी घरी एकमेकांशी काय बोलतात? क्रिओल. चूल पेटवताना, पोराला रागावताना, बाजारात घासाघीस करताना, सगळीकडे क्रिओल. ही भाषा कुणी घडवली? मळ्यावर मोझांबिकचा माणूस मादागास्करच्या माणसाशी आणि दोघं मिळून फ्रेंच मुकादमाशी बोलताना जी घडत गेली, ती ही. नंतर आलेल्या भोजपुरी, तमिळ, मराठी माणसांनी तिच्यात आपापले शब्द टाकले. गुलामांच्या वंशजांनी बाकीच्या सगळ्या देशाला बोलायला जीभ दिली, आणि गंमत बघा, सरकारी प्राथमिक शाळांत मराठी कित्येक वर्षं शिकवली जात होती, क्रिओलला वर्गात शिरायला २०१२ उजाडलं.

म्हणून ‘छोटा भारत’ हा शब्द तिथल्या मराठी माणसालाही नीट बसत नाही. तो क्रिओलमध्ये भांडतो, सेगा या गुलामांच्या संगीताच्या ठेक्यावर नाचतो, जेवणात मिरचीची चटणी आणि फ्रेंच पाव दोन्ही घेतो. त्याला आपण भारताची छोटी आवृत्ती म्हटलं की त्याने तिथे गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे नवं काही केलं, ते आपण नाकारतो. आणि त्याच्या क्रिओल शेजाऱ्याला तर घराबाहेरच उभं करतो.

आप्रवासी घाटापासून चालत पाच मिनिटांवर एक जुनं लष्करी रुग्णालय आहे, ला बुर्दोनेच्या काळातलं, गुलामांच्या हातचं. आता तिथे गुलामगिरीचं संग्रहालय आहे. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात घाट होता, गंगा तलाव होता, शंकराची ती प्रचंड मूर्ती होती, रमची चव होती आणि बंदरावरच्या दुकानांत दोन तास खरेदी होती. संग्रहालय नव्हतं. घाटावर अर्धा तास काढून आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पुढच्या दोन तासांसाठी बस उभीच होती. ड्रायव्हर क्रिओल होता. त्याला मी विचारलं, ती समोरची दगडी इमारत कसली? त्याने सांगितलं. वेळ आहे, जाऊन या, असंही म्हणाला. मी खरेदीला गेलो.